‘पेक्षा’ची गाठ सोडवणारा स्पॅनिश शंकाकोश

इंग्रजी प्रश्नावल्या स्पॅनिशमध्ये नेणं हे माझं रोजचं काम. लोकांचा कल जाणून घ्यायला सर्वेक्षणं होतात ना, त्यांच्या प्रश्नावल्या. विषय बदलतो, बँक येते, मोबाइल येतो, दवाखाना येतो, पण प्रश्नांची घाटणी तीच राहते. दोन्हींतलं जास्त काय आवडतं? आधीपेक्षा फरक पडला का? अपेक्षेपेक्षा वेळ लागला का? जास्त पैसे मोजलेले चालतील की थोडं थांबलेलं चालेल? दिवसभर तुलना आणि पसंती, दुसरं काही नाही. या कामात माझ्या पडद्यावर एक खिडकी कायम उघडी असते आणि आज तिच्याचबद्दल लिहायचं आहे: ‘दिक्सिओनारिओ पानइस्पानिको दे दुदास’. मराठीत सांगायचं तर सगळ्या स्पॅनिश जगासाठीचा शंकाकोश.

हा कोश 2005 साली छापून आला. त्याच्यामागे माद्रिदची रेआल आकादेमिआ एस्पान्योला आहे, 1713 साली स्थापन झालेली, आणि तिच्यासोबत देशोदेशींच्या स्पॅनिश अकादमींची संघटना आहे, जी 1951 पासून काम करते. म्हणजे यात नुसता स्पेनचा शब्द चालत नाही. मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना, पेरू अशा सगळ्यांच्या अकादमींनी मिळून हा कोश मान्य केला आहे. अकादमीच्या संकेतस्थळावर तो फुकट वाचता येतो, नाव नोंदवावं लागत नाही. दुसरी आवृत्तीही तिथेच आकार घेते आहे.

आधीच सांगते, हा अर्थ सांगणारा कोश नाही. शब्दाचा अर्थ हवा असेल तर अकादमीचा मोठा शब्दकोश वेगळा आहे. इथे मिळतं ते असं: हे क्रियापद कसं चालतं, त्याच्यापुढे कोणतं शब्दयोगी अव्यय लागतं, अमुक ठिकाणी एकवचन की अनेकवचन, तमुक रूप शिष्ट भाषेत चालतं की नाही. जे रूप टाळायचं त्याच्याआधी वर्तुळात फुली मारलेली असते. एकदा डोळ्याला सवय झाली की नोंद उघडल्या उघडल्या नजर आधी त्या फुलीवर जाते.

आता तुलनेसाठी मला हा कोश एवढा का लागतो, ते सांगते. इंग्रजीला बहुतेक ठिकाणी ‘दॅन’ हा एक शब्द पुरतो. आपल्याला ‘पेक्षा’ पुरतो. वीसपेक्षा जास्त, तुझ्यापेक्षा उंच, वाटलं त्यापेक्षा सोपं, जाण्यापेक्षा राहिलेलं बरं, सगळीकडे ‘पेक्षा’. स्पॅनिशमध्ये या एकाच कामाला ‘के’ आहे, ‘दे’ आहे, ‘आ’ आहे, आणि बरोबरी दाखवायची असेल तर ‘कोमो’ आहे. कुठे कोणतं लागणार हे बहुतेकदा आधीचा शब्द ठरवतो, कधी पुढे काय येतं त्यावरही ठरतं. त्यामुळे इंग्रजी शिकून मग स्पॅनिशकडे वळलेला मराठी माणूस दोन्हीकडून अडतो, कारण त्याला येणाऱ्या दोन्ही भाषांत हा भेद फारसा नाहीच. शंकाकोशाची रचना मात्र नेमकी या भेदावर उभी आहे. तो ‘तुलना कशी करावी’ असा धडा देत नाही. तो एकेक शब्द घेतो आणि या शब्दाला काय लागतं ते सांगतो. माझ्या मते अनुवादकासाठी हीच पद्धत बरी.

सगळ्यात आधी ‘प्रेफेरिर’ची, म्हणजे ‘पसंत करणं’ची नोंद पाहा. पसंतीचे सगळे इंग्रजी प्रश्न कधी ना कधी या क्रियापदाशी येऊन थांबतात. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या मसुद्यांत सर्वाधिक दिसणारं वाक्य असं: ‘प्रेफिएरो एल आउतोबुस के एल मेत्रो’. मेट्रोपेक्षा बस बरी, असं म्हणायचं आहे. वरवर काहीच खटकत नाही. ‘मास’ (जास्त) असतं तिथे ‘के’ येतो, मग इथे का नको? कारण ‘प्रेफेरिर’च्या पोटातच ‘जास्त’ आहे. ते ‘मास’ मागत नाही, आणि म्हणून ‘के’ही मागत नाही. त्याला ‘आ’ हवा: ‘प्रेफिएरो एल आउतोबुस आल मेत्रो’ (‘आ’ आणि ‘एल’ मिळून ‘आल’). इंग्रजीत ‘प्रिफर’ला ‘टू’ लागतो, तशातलाच हा प्रकार. ‘के’ वापरायचाच असेल तर क्रियापद बदला: ‘मे गुस्ता मास एल आउतोबुस के एल मेत्रो’. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, आणि बोलण्याच्या ओघात दुसरं जास्त सहज वाटतं.

एवढ्यावर प्रश्न मिटला असता तर पाठ करून सोडून देता आलं असतं. पण पसंती नेहमी दोन वस्तूंमधली नसते, ती दोन कृतींमधलीही असते, आणि इथे खरी मजा आहे. ‘जास्त पैसे देण्यापेक्षा मी थांबेन’ हे वाक्य घ्या. नियमाप्रमाणे ‘आ’ लावला की होतं ‘प्रेफिएरो एस्पेरार आ पागार मास’. व्याकरण चोख, आणि अर्थाचा पार विचका. कारण ‘एस्पेरार आ’ म्हणजे ‘अमुक होईपर्यंत वाट पाहणं’. वाचणाऱ्याला कळतं की हा गृहस्थ जास्त पैसे भरण्याची वाट पाहतो आहे! अशा ठिकाणी दोन क्रियापदं समोरासमोर असतील तर ‘के’ चालतो, तो शिष्ट भाषेनं स्वीकारलेला आहे: ‘प्रेफिएरो एस्पेरार के पागार मास’. त्याहून स्पष्ट हवं तर ‘आंतेस के’ घाला: ‘प्रेफिएरो एस्पेरार आंतेस के पागार मास’. म्हणजे वस्तूंना ‘आ’, क्रियापदांना ‘आ’ किंवा ‘के’. ही सूट माहीत नसल्यामुळे काही तपासनीस शुद्ध वाक्यं लाल करून परत पाठवतात. मग मी काही वाद घालत नाही, नोंदीचा दुवा जोडून देते. अकादमीचं नाव पाहिलं की चर्चा लवकर संपते, हा या कोशाचा मोठाच व्यावहारिक फायदा.

माणसांमधली पसंती आली की आणखी एक पेच. स्पॅनिशमध्ये कर्म माणूस असेल तर त्याच्याआधीही ‘आ’ लागतो. मतदानाविषयीच्या प्रश्नावलीत ‘अनुभवी उमेदवारापेक्षा तरुण उमेदवार पसंत’ असा पर्याय असतो. नियम पाळत गेलं तर ‘आल’, पुन्हा ‘आल’: ‘प्रेफिएरो आल कान्दिदातो होबेन आल बेतेरानो’. चूक नाही, पण उभ्या उभ्या वाचणाऱ्याला कोण कोणाला पसंत आहे हे चटकन लागत नाही. इथेही मी ‘आंतेस के आल बेतेरानो’ करते. वाक्य थोडं लांबतं, ते चालेल. प्रश्नावलीत संदिग्धता आली तर उत्तरच बिघडतं; कागदावर टक्केवारी येते, पण ती कशाची टक्केवारी हे कोणालाच सांगता येत नाही.

तिसरा थर अख्ख्या वाक्यांचा. ‘तू लपवण्यापेक्षा सांगितलेलं बरं’ अशा ठिकाणी ‘प्रेफिएरो के मे लो दिगास आ के मे लो ओकुल्तेस’. एक ‘के’, मग ‘आ के’, आणि दोन्हीकडे क्रियापद सब्जंक्टिव्हमध्ये, म्हणजे इच्छा, शंका असं काही दाखवणाऱ्या रूपात. इंग्रजीतलं ‘आय वुड रादर यू डिडन्ट’ याच घरातलं. खासगी माहितीच्या प्रश्नावलीत ते हटकून येतं: ‘माझी माहिती तुम्ही इतरांना देऊ नये, असं मला वाटतं’. ‘प्रेफेरिरीआ के नो कोम्पार्तिएरान मिस दातोस’. इंग्रजीत ‘डिडन्ट’ भूतकाळी दिसतं पण बोलणं भविष्याचं असतं. स्पॅनिशमध्येही रूप भूतकाळी सब्जंक्टिव्हचं आणि बोलणं पुढचं. हा मेळ बसलेला पाहून मला दर वेळी समाधान वाटतं. मात्र इथे शंकाकोश फार हात देत नाही. काळांची सांगड कशी घालायची यासाठी अकादमीच्या मोठ्या व्याकरणाकडे जावं लागतं.

पसंतीवरून संख्येकडे येऊ. ‘मास’ची नोंद मी अक्षरशः रोज कोणाला तरी पाठवते. आकड्याच्या पुढे जायचं असेल तर ‘दे’: ‘मास दे त्रेस ओरास’, तीन तासांहून जास्त. दोघांची तुलना असेल तर ‘के’: ‘त्राबाहो मास के तू’. भेद किती खोल आहे ते पाहायचं तर ही जोडी बघा. ‘मास दे उन आमीगो’ म्हणजे एकापेक्षा जास्त मित्र. ‘मास के उन आमीगो’ म्हणजे मित्रापेक्षाही जवळचा कोणी. एक अक्षर इकडचं तिकडे झालं आणि मोजणी नात्यावर जाऊन पोचली. बार्सिलोना फुटबॉल क्लबचं प्रसिद्ध कॅटलान ब्रीद, ‘क्लबपेक्षा काहीतरी अधिक’, स्पॅनिशमध्ये म्हटलं तर ‘मास के उन क्लुब’ होतं. तिथे ‘दे’ घातलं तर एकाहून जास्त क्लब आहेत असा हिशेब होईल.

नकार आला की भेद आणखी बारीक होतो. ‘नो केदान मास दे त्रेस दीआस’ म्हणजे फार तर तीन दिवस उरलेत, कमीही असतील. ‘नो केदान मास के त्रेस दीआस’ म्हणजे फक्त तीनच दिवस उरलेत. इंग्रजीतल्या ‘नो मोअर दॅन’वर डोळे झाकून विसंबलं तर यातलं कोणतंही पडू शकतं. मुदतीच्या मजकुरात मी हे वाक्य दोनदा तपासते.

आणि मग प्रश्नावल्यांचं लाडकं वाक्य: अपेक्षेपेक्षा वेळ लागला का? ‘तार्दो मास दे लो के एस्पेराबा?’ तुलनेच्या पलीकडे क्रियापद असलेलं अख्खं वाक्य आलं आणि प्रमाण मोजायचं असलं की ‘के’ एकटा पुरत नाही, ‘दे लो के’ लागतं. मधे नाम असेल तर ‘लो’ त्या नामाप्रमाणे बदलतो. ‘मास दिनेरो देल के गानो’ (‘दे’ आणि ‘एल’ मिळून ‘देल’), कमावतो त्यापेक्षा जास्त पैसे. ‘मास ओरास दे लास के केरीआ’, मनात होते त्यापेक्षा जास्त तास. ‘अपेक्षेपेक्षा चांगलं’ हे ‘मेहोर दे लो एस्पेरादो’, पण ‘अपेक्षेहून वरचढ’ म्हणताना ‘सुपेरिओर’ आलं की ‘आ’: ‘सुपेरिओर आ लो एस्पेरादो’. ‘सुपेरिओर’, ‘इन्फेरिओर’, ‘आन्तेरिओर’, ‘पोस्तेरिओर’ (वरचढ, कमी प्रतीचा, आधीचा, नंतरचा) ही सगळी चौकडी ‘आ’वाली आहे. तरी ‘मायोर’ (मोठा) आणि ‘मेनोर’ (लहान) मात्र ‘के’वाले. तर्कानं हे सांगता येत नाही, म्हणूनच कोश लागतो.

‘मायोर’वरून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथे हा कोश किती समंजस आहे ते दिसतं. शाळेत शिकवतात की ‘मास मायोर’ कधीच म्हणू नये, ‘मायोर’ म्हणजेच मोठा-हून-मोठा, त्यावर आणखी ‘मास’ कशाला. कोश सरसकट फुली मारत नाही. माझी बहीण माझ्याहून मोठी, अशी सरळ तुलना असेल तर ‘मास’ नको. ‘मी एर्माना एस मायोर के यो’ एवढंच. पण ‘मायोर’ जेव्हा ‘जाणतं वय’ किंवा ‘उतारवय’ दाखवतं, तेव्हा ते तुलनेचं रूप उरतच नाही, साधं विशेषण होतं, आणि ‘क्वान्दो सेआस मास मायोर’, म्हणजे तू आणखी मोठा झालास की, हे पूर्ण शुद्ध. नियम कुठे संपतो हे सांगणारी पुस्तकं मला नियम सांगणाऱ्या पुस्तकांपेक्षा जास्त उपयोगी पडली आहेत.

उत्तरांच्या पट्टीसाठी, म्हणजे ‘खूपच चांगलं, थोडं चांगलं, तसंच, थोडं वाईट, फारच वाईट’ यासाठी, ‘मुचो’ची, म्हणजे ‘खूप’ची नोंद सोन्यासारखी आहे. ‘मुचो मेहोर’ बरोबर, ‘मुय मेहोर’ नाही. इथवर सगळ्यांना येतं. पुढे नाम आलं की भलेभले अडखळतात. ‘खूप जास्त लोक’ म्हणताना ‘मुचा मास हेन्ते’, इथे ‘मुचो’ नामाप्रमाणे स्त्रीलिंगी होतो. ‘खूप चांगला दर्जा’ म्हणताना मात्र ‘मुचो मेहोर कालिदाद’. ‘कालिदाद’ स्त्रीलिंगी असूनही ‘मुचो’ जागचा हलत नाही. कारण पहिल्या ठिकाणी तो लोकांचं प्रमाण सांगतो आणि दुसऱ्या ठिकाणी ‘मेहोर’ या शब्दाला जोर देतो. ‘मुचा मेहोर कालिदाद’ असं जाहिरातींत आणि बोलण्यात सर्रास ऐकू येतं, त्यामुळे कान फसतो. कान फसतो तिथेच असा कोश हाताशी हवा.

आता ‘जितकं... तितकं’. इंग्रजी ‘द मोअर, द मोअर’ स्पॅनिशमध्ये नेताना इंग्रजीवर वाढलेल्या मुलांची फार ओढाताण होते. मराठी माणसाला ती व्हायचं कारण नाही, कारण आपल्याकडे हीच वीण आहे. ‘क्वान्तो मास लेओ, मास दुदास तेन्गो’: जितकं जास्त वाचते, तितक्या जास्त शंका येतात. आपला ‘जितका’ लिंगवचनाप्रमाणे ‘जितकी’, ‘जितके’, ‘जितक्या’ होतो, तसाच ‘क्वान्तो’ही नामाप्रमाणे ‘क्वान्ता’, ‘क्वान्तोस’, ‘क्वान्तास’ होतो. ‘क्वान्तास मास दुदास, मेहोर’: जितक्या जास्त शंका, तितकं बरं. स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी मुलांना मी इंग्रजी वाक्य बाजूला ठेवायला सांगते. आधी मराठीत ‘जितकं-तितकं’ करा, मग स्पॅनिशमध्ये जा. रूप चुकत नाही.

मात्र हे सगळीकडे ‘क्वान्तो मास’च असतं असं नाही, आणि ‘पानइस्पानिको’ हे नाव कोश इथे सार्थ करतो. लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत ‘मिएन्त्रास मास’ रुळलेलं आहे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत ‘एन्त्रे मास’ ऐकू येतं. स्पेनमध्ये कानावर पडणारं ‘कोन्त्रा मास’ मात्र शिष्ट लिखाणात बसत नाही. माझ्या मजकुरावर शेवटचा हात फिरवणाऱ्या मेक्सिकन संपादिकाबाईंचा याबाबत कटाक्ष असतो. घरोघरी जाऊन विचारायचे प्रश्न असतील तर त्या ‘एन्त्रे मास’ राहू देतात, कारण उत्तर देणाऱ्याला ती आपली भाषा वाटते; छापील अहवालात त्या ‘क्वान्तो मास’ करतात. कोणत्या देशात काय चालतं हे नोंद सांगते, जुन्या आवृत्तीत तर बऱ्याच उदाहरणांपुढे देश आणि साल दिलेलं आहे. पण या प्रश्नासाठी या वाक्याचं काय करायचं, हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

प्रदेशांचा प्रश्न आला की मी कोशाच्या जोडीला अकादमीचाच ‘कोर्पेस’ उघडते. एकविसाव्या शतकातल्या स्पॅनिश लिखाणाचा आणि बोलण्याचा हा मोठा संग्रह, तोही फुकट. त्यात देश निवडून शोधता येतं. कोश म्हणतो चालतं. कोर्पेस दाखवतो कोण, कुठे, कशा वाक्यात वापरतं. दोन्ही एकत्र वापरले की अंदाजपंचे काही करायची वेळ येत नाही.

आता उणिवा. पहिली आणि मोठी म्हणजे कोशाचं दार स्पॅनिशमधूनच उघडतं. ‘दॅन’ टाकून काही सापडणार नाही, ‘रादर’ टाकूनही नाही. आपला पेच ‘प्रेफेरिर’चा आहे की ‘मास’चा की ‘क्वान्तो’चा, हे आधी आपल्याला ओळखता यायला हवं. नवशिक्याला ते जमत नाही. तो इंग्रजी वाक्य घेऊन येतो आणि कुठे शोधावं हेच न कळल्यामुळे परत जातो. शिवाय सगळं स्पष्टीकरण व्याकरणाच्या परिभाषेत आणि संक्षेपांत आहे. एका नोंदीतून बाण दुसऱ्या नोंदीकडे पाठवतो, तिथून तिसरीकडे. मला हा प्रवास आवडतो, पण उद्या सकाळी परीक्षा असलेल्याला तो जाच वाटेल.

दुसरी उणीव कोशाची म्हणावी की आपल्या अपेक्षेची, पण सांगून ठेवते. पसंतीच्या इंग्रजी बोलीतलं बरंच काही नियमात बसतच नाही. ‘लीस्ट फेवरिट’ हा शब्द घ्या. नावडत्यांतला नावडता. स्पॅनिशमध्ये ‘फाबोरीतो’ आहे, ‘प्रेफेरीदो’ आहे, पण त्यांना ‘मेनोस’ (कमी) जोडून काम भागत नाही. वाक्यच फिरवावं लागतं: ‘एल के मेनोस ले गुस्ता’, ज्यातलं सगळ्यांत कमी आवडतं ते. ‘वर्गातला सर्वांत उंच’ म्हणताना इंग्रजीचा ‘इन’ सोडून ‘दे’ घ्यावा लागतो, ‘एल मास आल्तो दे ला क्लासे’. आपल्या ‘वर्गातला’तल्या ‘ला’च्या जवळ जाणारं काहीतरी. हे अकादमीच्या व्याकरणात आहे. 2009 साली आलेल्या त्या ‘नुएबा ग्रामातिका’च्या 45व्या प्रकरणात तुलनेचा सगळा पसारा मांडला आहे. तेही जालावर आहे, पण ते वाचायला बैठक लागते.

उपमांसाठीही इथे येऊ नका. इंग्रजी बरोबरी करतं तिथे स्पॅनिश एक पाऊल पुढे टाकतं. इंग्रजीत माणूस खांबाइतका बहिरा असतो, स्पॅनिशमध्ये मातीच्या भिंतीहून बहिरा: ‘मास सोर्दो के उना तापिआ’. आपण नुसतं ‘ठार बहिरा’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत म्हातारपण टेकड्यांइतकं, स्पॅनिशमध्ये मातुसालेनहून जास्त, आणि त्या बायबलमधल्या म्हाताऱ्याचं वय 969 वर्षं. ‘मास क्लारो के एल आग्वा’ म्हणजे पाण्याहून स्वच्छ, उघड. इंग्रजी ‘अ‍ॅज... अ‍ॅज’ दिसलं की हात ‘तान... कोमो’कडे जातो, आणि व्याकरण बरोबर असूनही वाक्य परकं वाटतं. इथे कोश तुम्हाला अडवणार नाही, कारण त्याच्या लेखी काही चुकलेलंच नाही.

म्हणींचंही तसंच. ‘मास बाले तार्दे के नुंका’, अजिबात न होण्यापेक्षा उशिरा झालेलं बरं. ‘मास बाले पाहारो एन मानो के सिएन्तो बोलान्दो’, उडत्या शंभर पाखरांहून हातातलं एक बरं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे आपल्या कानाला ओळखीचं आहेच. इंग्रजीच्या ‘बेटर’ला इथे ‘मेहोर’ नको, ‘मास बाले’ हवं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. इंग्रजीत ‘बेटर दॅन एव्हर’ म्हणतात, स्पॅनिशमध्ये ‘मेहोर के नुंका’, शब्दशः ‘कधीच नाही त्याहून चांगलं’. इंग्रजीवाले या ‘नुंका’ला बिचकतात, नकार कुठून आला म्हणून. आपण तर रोज म्हणतो, ‘कधी नव्हे इतकं बरं वाटतंय’. तोच नकार, त्याच जागी. ‘मास के नादिए’ म्हणजे कोणाहीपेक्षा जास्त. तिथेही ‘कोणी नाही’ हाच शब्द. मराठीतून थेट स्पॅनिशकडे जाणाऱ्याला अशा जागा पुष्कळ सापडतात, फक्त मधे इंग्रजीला बसवलं नाही पाहिजे.

कोणी वापरावा? स्पॅनिशचा पाया झालेला आहे, वर्तमानपत्र वाचता येतं, पण लिहायला बसलं की हात थबकतो, अशा सगळ्यांनी. अनुवादकानं तर वापरायलाच हवा. फोनवर नोंदी नीट दिसतात, तरी दोन नोंदी शेजारी ठेवून वाचायच्या असतील तर मोठा पडदा बरा. शोधपेटीत शब्द मूळ रूपात टाका, चालवलेलं रूप टाकत बसू नका.

सुरुवात करायची तर ‘प्रेफेरिर’पासून करा, मग ‘मास’, मग ‘मुचो’ आणि ‘मायोर’, शेवटी ‘क्वान्तो’. प्रत्येक नोंद वाचून झाली की तिच्यातल्या फुलीवाल्या उदाहरणांची शुद्ध रूपं स्वतः लिहून काढा. तुमच्याकडे जुने अनुवाद असतील तर त्यांतले ‘के’ शोधून एकेक तपासा. आधी ‘प्रेफेरिर’ किंवा ‘सुपेरिओर’ दिसलं की थांबा.